कॉफीचे ऑक्सिडीभवन

भाजलेल्या कॉफीतील मेद व सुगंधी संयुगे यांची हवेतील ऑक्सिजनशी होणारी रासायनिक अभिक्रिया म्हणजे कॉफीचे ऑक्सिडीभवन होय. कॉफी शिळी होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

रासायनिक प्रक्रिया

अरेबिका जातीच्या बियांत सुमारे १५ टक्के, तर रोबस्टा जातीच्या बियांत सुमारे १० टक्के मेद असतो. लिनोलेइक अम्ल हे त्यातील एक प्रमुख मेदाम्ल आहे. त्याच्या रेणूतील दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बन अणूवरील हायड्रोजन सहज सुटतो. त्यानंतर ऑक्सिजन जोडला जाऊन हायड्रोपेरॉक्साइडे बनतात आणि त्यांच्या विघटनातून हेक्झानालसारखी आल्डिहाइडे तयार होतात. खवट वास यांमुळेच येतो. ही शृंखला अभिक्रिया असल्याने एकदा सुरू झाली की पुढे चालू राहते.

ताज्या कॉफीचा वास देणारी मिथेनथायॉलसारखी गंधकयुक्त संयुगे त्याआधीच घटू लागतात. म्हणून खवटपणा जाणवण्यापूर्वीच सुगंध मंदावतो. कॅफीन मात्र स्थिर असते. त्यामुळे शिळ्या कॉफीने तरतरी येते, पण स्वाद मिळत नाही.

वेग व प्रतिबंध

भाजताना बियांत साठलेला कार्बन डाय-ऑक्साइड ऑक्सिजनला काही काळ दूर ठेवतो. बिया दळल्यावर हा वायू लवकर निघून जातो व पृष्ठफळही वाढते. साहजिकच पूड बियांपेक्षा लवकर शिळी होते. उष्णता व ओलावा यांमुळेही कॉफी लवकर बिघडते. आतील वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत येऊ न देणारी एकमार्गी झडप पाकिटांना याचसाठी बसवतात. घरी थोडीच पूड आणून ती हवाबंद डब्यात, कोरड्या व थंड जागी ठेवणे इष्ट ठरते.