काम मक्त्याने, जबाबदारी कोणाची?

मी मराठीचा मास्तर; कारखान्यांशी माझा संबंध तो काय! पण एक वाक्य कारखान्यात काय नि घरात काय, सारखेच ऐकू येते: “ते कंत्राटदार बघून घेईल!” काम मक्त्याने दिले, की जबाबदारीही त्याच्या गळ्यात पडली, अशी आपली गोड समजूत.

ही समजूत किती महाग पडते, ते मेक्सिकोच्या आखातात दिसले. तेथील तेलविहीर बी. पी. कंपनीची, खोदकामाचा तरंगता मंच ट्रान्सओशनचा, सिमेंटचे काम हॅलिबर्टनचे. २० एप्रिल २०१० रोजी स्फोट झाला. ११ कामगार दगावले. ८७ दिवस तेल समुद्रात वाहत होते. तिघांनीही एकमेकांकडे बोटे दाखविली. २०१४ साली न्यायालयाने दोषाची वाटणी केली: हॅलिबर्टन ३ टक्के, ट्रान्सओशन ३०, आणि काम देणारी बी. पी. ६७!

पर्यावरण-व्यवस्थापनाच्या ‘आयएसओ १४००१’ या प्रमाणकाच्या २०१५ च्या आवृत्तीत हेच बजावले आहे. बाहेर सोपविलेल्या कामांवरही संस्थेचा अंकुश वा वचक हवा. आपल्या अपेक्षा कंत्राटदाराला स्पष्ट कळवायला हव्यात. म्हणजे गटार कोठे जाते, सांडलेले तेल कशाने टिपायचे, कोणाला हाक मारायची, हे त्याच्या माणसांना काम सुरू होण्याआधीच ठाऊक असावे.

तेव्हा वाचकहो, यंदा घराची डागडुजी काढाल, तेव्हा दराची घासाघीस जरूर करा, पण विसार देण्यापूर्वी एवढे विचारा: “राडारोडा कोठे टाकणार?” भिंत आपली, तसा तिचा राडाही आपलाच.