उरलेले तीन पाय

शर्यतीच्या घोड्याचा पाय मोडला की त्याला गोळी घालतात, हे ज्याने उभ्या आयुष्यात महालक्ष्मीचे मैदान पाहिले नाही त्यालाही ठाऊक असते. आणि माणसाचा पाय प्लास्टरात घालून दीड-दोन महिन्यांत त्याला चालता करणारे शास्त्र या उमद्या, मोलाच्या जनावरापुढे हात का टेकते, याचा उलगडा न होऊन बहुतेक लोक मालकाच्या कृपणपणाला किंवा निर्दयपणाला बोल लावून मोकळे होतात. कृपणपणा कधी असतोही. परंतु खरी अडचण मोडलेल्या पायात जितकी असते, त्याहून अधिक ती उरलेल्या तीन पायांत असते.

घोड्याच्या पुढच्या पायातील ज्या सांध्याला मोतद्दारापासून मालकापर्यंत सगळे गुडघा म्हणतात, तो शरीररचनेच्या दृष्टीने मनगट होय. त्याखालची लांब नळी म्हणजे आपल्या तळहातातले मधल्या बोटाचे हाड, आणि खूर म्हणजे त्या एकाच बोटाचे नख. साडेचारशे-पाचशे किलो वजनाचे हे धूड ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने दौडत असता प्रत्येक झेपेत असा एक क्षण येतो, की शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार त्या एका बोटावर पडतो. गुडघ्याखाली मांस असे नाहीच. हाड, त्यालगतच्या कंडरा, आणि वर पातळ कातडे. पाय असा हलका आहे म्हणून तर तो विजेसारखा उचलला जातो. पण हाड फुटले की त्याच्या तुकड्यांना भोवतालून सावरणारी व रक्त पुरवणारी मांसाची गादी तेथे नसते, आणि घोडा आणखी चार पावले धावला तर त्या तुकड्यांची धारदार टोके कातडे फाडून बाहेर येतात. वेगासाठी निसर्गाने केलेली काटकसर उपचाराच्या वेळी अशी मुळावर येते.

तरीही सगळेच मोड प्राणघातक नसतात. नळीच्या खालच्या टोकाला घोट्याच्या सांध्यात उभी चीर जाते, तो प्रकार शर्यतीच्या घोड्यांत नेहमीचा. आणि ती चीर बहुधा एका दिवसाची नसते, तर रोजच्या दौडीने थकत गेलेल्या हाडाने शेवटी दिलेला तो जबाब असतो. तिच्यावरचा इलाज कोणत्याही सुताराला पटावा असा आहे. अलीकडच्या तुकड्यात छिद्र थोडे सैल पाडतात आणि पलीकडच्यात घट्ट, म्हणजे स्क्रूचे आटे पलीकडच्याच तुकड्यात रुततात व तो पिळत जावा तसतसे दोन्ही तुकडे एकमेकांवर दाबून बसतात. हल्ली अशी कित्येक कामे घोड्याला गुंगीचे औषध देऊन, पाय बधिर करून, तो उभा असतानाच उरकतात. पर्सनल एन्साइन या अमेरिकन घोडीच्या मागच्या पायाचे, घोट्याखालचे हाड १९८६ साली मोडले, त्यात पाच स्क्रू बसवले गेले, आणि ती परत धावून १९८८ मध्ये तेरापैकी तेरा शर्यती जिंकून निवृत्त झाली.

उभ्याने शस्त्रक्रिया करण्याचा हा खटाटोप का, ते रफियन या घोडीच्या हकिकतीवरून कळते. ६ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर तिच्या उजव्या पुढच्या पायाच्या घोट्यामागची दोन्ही लहान हाडे फुटली. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. परंतु भूल उतरताच ती जणू शर्यत अजून चालूच आहे अशा आवेशाने पाय झाडू लागली, केलेले सारे काम उधळले गेले, आणि पहाटेपूर्वी तिला मरण द्यावे लागले. संकटात पळणे एवढाच ज्याचा पिढीजात बचाव, त्या प्राण्याला शुद्धीवर आल्यावर पडून राहा असे सांगणार कोण? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटर या इस्पितळाने त्यावर पाण्याच्या हौदाची तजवीज केली आहे. बेशुद्ध घोड्याला झोळीत घालून चारही पाय ज्यात शिरतील अशा रबरी तराफ्यात सोडतात. मग तो जागा होऊन कितीही पाय मारो, ते पाण्यातच मारले जातात.

याच हौदात २१ मे २००६ रोजी बार्बारो शुद्धीवर आला. दोनच आठवड्यांपूर्वी त्याने केंटकी डर्बी साडेसहा लांबींनी जिंकली होती. आदल्या दिवशी बाल्टिमोरच्या प्रीकनेस शर्यतीत त्याचा उजवा मागचा पाय मोडला. नळीचे टोक फुटले, घोटा निखळला, आणि घोट्याखालच्या हाडाचे वीसहून अधिक तुकडे झाले. डीन रिचर्डसन या शल्यविशारदांनी पाच तासांहून अधिक वेळ खपून, मूळ माणसांसाठी घडवलेल्या पोलादी पट्टीने व सत्तावीस स्क्रूंनी तो पाय सांधला. या पट्टीच्या छिद्रांनाही आटे असतात. त्यामुळे स्क्रू हाडाइतकाच पट्टीतही पक्का बसतो आणि चुऱ्याभोवती एक ताठ चौकट उभी राहते. सांधा पुन्हा वाकावा हा हेतूच नव्हता. तो कायमचा जखडून घोड्याला उभे राहता यावे, इतकीच मागणी होती.

जुलैत दुखणे उपटले ते डाव्या, म्हणजे धडधाकट पायात. खुराच्या कवचाला आतले हाड असंख्य नाजूक पापुद्र्यांनी टांगलेले असते, आणि पाय आळीपाळीने टेकला-उचलला गेला तरच त्या पापुद्र्यांत रक्त नीट खेळते. दुखरा पाय वाचवण्यासाठी घोडा दिवसचे दिवस दुसऱ्यावर रेलून उभा राहिला, की पापुद्रे उपाशी पडून सुटतात आणि हाड खुरात खचू लागते. माणूस अशा वेळी खाट धरतो. घोडा फार काळ आडवा राहिला तर त्याच्याच वजनाखाली त्याचे स्नायू व फुप्फुसे चेंगरतात. बार्बारोच्या त्या खुराचे जवळजवळ ऐंशी टक्के कवच काढावे लागले.

येथे शल्यविशारदाचे कसब संपते आणि जनावराचा स्वभाव कामाला येतो, असे मला वाटते. इंग्लंडच्या मिल रीफचा पुढचा पाय १९७२ साली सरावात मोडला. तो प्लास्टरात आठवडेच्या आठवडे शहाण्या मुलासारखा उभा राहिला, वाचला, आणि पुढे डर्बी जिंकणाऱ्या शर्ली हाइट्सचा बाप झाला. अर्थात अशा घोड्यावर होणाऱ्या खर्चामागे त्याच्या भावी संततीचा हिशेबही असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. खच्ची केलेल्या सामान्य घोड्याच्या वाट्याला सत्तावीस स्क्रू सहसा येत नाहीत.

बार्बारोही शांत होता. नोव्हेंबरात त्याच्या मोडलेल्या पायाचे प्लास्टर निघाले. पण जानेवारीत डाव्या खुराचे दुखणे उलटले, मग पुढच्या दोन्ही पायांत तेच उतरले, आणि टेकायला धड पायच उरला नाही तेव्हा, २९ जानेवारी २००७ रोजी, त्याला शांतपणे मरण देण्यात आले. केंटकीतील चर्चिल डाउन्सच्या प्रवेशद्वारापाशी त्याच्या अस्थी ठेवल्या आहेत. त्यांवर २००९ मध्ये उभारलेल्या ब्राँझच्या पुतळ्यात तो भरधाव दौडतो आहे, आणि त्याचा एकही खूर जमिनीला टेकलेला नाही.