डिश घेण्यापूर्वी घराचे वेळापत्रक पाहा

शाळेत पालकसभा आटोपली की अभ्यासाचे प्रश्न संपतात आणि घरचे प्रश्न सुरू होतात. आम्हाला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न असा: नवीन फ्लॅट घेतला आहे, डिश बसवायची आहे, कोणत्या कंपनीची घेऊ? रेकॉर्डिंगवाला बॉक्स घेतला तर पैसे वाया जातील का? जुन्या पनवेलच्या मोहल्ल्यांतून कामोठे, कळंबोली, खारघरच्या इमारतींत राहायला गेलेली कुटुंबे हे जास्त विचारतात. आम्ही सांगतो, कंपनीचे नाव शेवटी ठरवा. आधी तीन गोष्टी पाहा: घराची दिशा, घराचा खर्च आणि घराचे वेळापत्रक. दुकानदार पहिल्या दोन गोष्टींबद्दल थोडेफार सांगेल. तिसरी मात्र तुम्हालाच ठाऊक असते, आणि रेकॉर्डर घ्यावा की नाही हे तिच्यावरच ठरते.

घड्याळ कोणाच्या हातात?

२ ऑक्टोबर १९८८ रोजी दूरदर्शनवर बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ सुरू झाले. त्याचे संवाद राही मासूम रझा यांच्या लेखणीतून उतरले होते. दर रविवारी सकाळी घराघरांतली कामे त्या वेळेला थांबत. भाग चुकला तर चुकला. वेळ दूरदर्शन ठरवणार आणि घराने ती पाळायची, अशी तेव्हाची रीत होती.

डिश आली तेव्हा चॅनेल वाढले, पण ही रीत लगेच बदलली नाही. २००३ मध्ये डिश टीव्ही सुरू झाले. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत सेवा डीडी डायरेक्ट प्लस आली. तीच आजची डीडी फ्री डिश. २००६ मध्ये टाटा स्काय आले, ज्याला २०२२ पासून टाटा प्ले म्हणतात. २००८ मध्ये याच कंपनीने हार्ड डिस्क असलेला बॉक्स आणला. चालू कार्यक्रम थांबवता येऊ लागला, एक चॅनेल पाहताना दुसरे रेकॉर्ड करता येऊ लागले. घड्याळ घराच्या हातात यायला सुरुवात झाली ती इथून.

दिशा आणि पाऊस

डिशचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. आपल्याकडच्या कंपन्यांचे उपग्रह साधारण ८३ ते १०८ अंश पूर्व रेखांशावर आहेत. पनवेल ७३ अंशांवर आहे. म्हणून आपल्याकडे प्रत्येक डिशचे तोंड आग्नेयेच्या बाजूला, आकाशात बरेच वर असते. ही बाजू ओळखायची सोपी खूण आपल्या घरात आहे. किब्ल्याकडे तोंड करून उभे राहा. तुमची पाठ आणि डावा हात यांच्या मधला आकाशाचा भाग मोकळा दिसला पाहिजे. तिथे समोरची उंच इमारत, पाण्याची टाकी किंवा नारळाचे झाड आडवे आले, तर सिग्नल मिळणार नाही. ज्या फ्लॅटच्या खिडक्या फक्त पश्चिमेला किंवा उत्तरेला उघडतात, त्यांना गच्चीशिवाय मार्ग नाही. मग सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी लागते. भाड्याचे घर असेल तर मालकाचीही.

दुसरी गोष्ट पाऊस. डिशच्या लहरींची लांबी फक्त दोन-तीन सेंटिमीटर असते. मुसळधार पावसाचे थेंब त्या शोषून घेतात आणि पडद्यावर सिग्नल नसल्याची सूचना येते. जून ते सप्टेंबर पनवेलकरांना हे अधूनमधून सोसावेच लागते. हा बहुतेक वेळा यंत्राचा दोष नसतो, सर घटली की चित्र परत येते. मात्र साध्या पावसातही चित्र जात असेल, तर डिश थोडी हललेली असते किंवा वायरच्या जोडात पाणी शिरलेले असते. बसवणाऱ्याला पावसाळ्याआधी बोलावून सिग्नल तपासून घ्या, नट घट्ट करून घ्या. गच्चीवर जागा असेल तर मोठ्या व्यासाची डिश बसवता येते का, हेही विचारा. आणि हे ध्यानात ठेवा की रेकॉर्डिंग चालू असताना सिग्नल गेला, तर तेवढा भाग रेकॉर्डही होत नाही.

खर्च कुठे होतो?

बॉक्सची किंमत एकदाच द्यावी लागते. खरा खर्च दरमहाचा. २०१९ पासून ट्रायच्या नियमाने ग्राहकाला सुटे चॅनेल निवडण्याचा हक्क आहे आणि प्रत्येक सशुल्क चॅनेलची किंमत जाहीर करणे बंधनकारक आहे. त्या वेळी पहिल्या १०० चॅनेलांसाठी कर सोडून १३० रुपयांची मर्यादा होती, २०२० मध्ये तेवढ्याच रकमेत २०० चॅनेल आले. २०२४ मध्ये ही मर्यादा काढून टाकण्यात आली. त्यामुळे आता प्रत्येक कंपनीचा मूळ आकार वेगळा असू शकतो, तो विचारूनच घ्यावा.

दुकानात पॅकेजचे नाव आधी सांगतात. तुम्ही मात्र घरून यादी नेा: गेल्या महिन्यात घरातल्या माणसांनी खरोखर कोणते चॅनेल पाहिले? आमच्या अनुभवाने ही यादी पंधराच्या पुढे क्वचितच जाते. उरलेल्यांसाठी दरमहा पैसे मोजणे ही फुजूलखर्चीच. दुसरा टीव्ही असेल तर त्याचा आकार वेगळा विचारा. बॉक्स विकत आहे की भाड्याने, घर बदलल्यास डिश हलवण्याचे किती लागतील, हेही कागदावर लिहून घ्या. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर चालत नाही. कंपनी बदलायची म्हणजे बॉक्सचे पैसे पुन्हा, एवढे गृहीत धरा.

ज्यांना दरमहाचा खर्च जड आहे, त्यांनी डीडी फ्री डिशला कमी लेखू नये. मासिक शुल्क नाही. बातम्या, डीडी सह्याद्री, डीडी उर्दू आणि मुलांसाठी शैक्षणिक वाहिन्या मिळतात. स्वयंप्रभाच्या वाहिन्या २०१७ पासून आहेत, तर पहिली ते बारावीसाठी पीएम ई-विद्याच्या वाहिन्या २०२० मध्ये सुरू झाल्या.

रेकॉर्डर म्हणजे नेमके काय मिळते?

रेकॉर्डिंग तीन प्रकारे होते. काही बॉक्समध्ये हार्ड डिस्क आतच असते. काहींना बाहेरून पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क जोडता येते. तिसरा प्रकार इंटरनेटवाल्या बॉक्सचा. त्यात काही चॅनेलांचे गेल्या काही दिवसांचे कार्यक्रम परत पाहता येतात, पण कोणते कार्यक्रम ठेवायचे हे कंपनी ठरवते, आणि घरात चांगले वायफाय लागते.

घेण्यापूर्वी पुढील गोष्टी विचारा. बॉक्समध्ये ट्यूनर किती? एक चॅनेल पाहताना दुसरे रेकॉर्ड करायचे तर दोन ट्यूनर लागतात आणि डिशपासून सहसा दोन वायर आणाव्या लागतात. फ्लॅटला रंग देण्याआधी ही वायर ओढून घ्या. जागा किती? एचडी कार्यक्रमाच्या एका तासाला साधारण तीन-चार जीबी लागते, साध्या चित्राला याहून बरीच कमी. ५०० जीबीत एचडीचे सव्वाशे तास बसले तर पुष्कळ झाले.

बाहेरची डिस्क जोडताना विशेष काळजी घ्या. बहुतेक बॉक्स ती आधी फॉरमॅट करतात, म्हणजे आतले सारे पुसून टाकतात. निकाहचे फोटो किंवा हजचे व्हिडिओ असलेली डिस्क कधीही जोडू नका. शिवाय रेकॉर्ड केलेला कार्यक्रम कुलूपबंद असतो. तो सहसा त्याच बॉक्सवर चालतो, संगणकावर नाही. बॉक्स बिघडला किंवा कंपनी सोडली की तो गेलाच म्हणून समजा. जन्मभर जपायची वस्तू म्हणून रेकॉर्डिंगकडे पाहू नका.

आपल्या घरांत रात्री झोपताना भिंतीवरचे बटण बंद करण्याची चांगली सवय असते. पण रेकॉर्डिंग लावले असेल तर बॉक्सचे बटण चालू ठेवावे लागते. वीज गेली तर रेकॉर्डिंगही जाते. इन्व्हर्टर असेल तर बॉक्स त्यावर घ्या. कार्यक्रम अनेकदा उशिरा संपतो, म्हणून शेवटी पाच-दहा मिनिटे जास्त लावा.

आता घराचे वेळापत्रक

पनवेलमध्ये मगरिबची वेळ हिवाळ्यात सहाच्या आसपास, तर जूनमध्ये सव्वासातच्या पुढे. पाठोपाठ इशा. याच दोन-तीन तासांत मराठी मालिका लागतात, बातम्या लागतात, क्रिकेटचा सामना रंगात येतो, आणि याच वेळी मुलांनी अभ्यासाला बसायचे असते. ज्या घरात टीव्हीची खोली आणि अभ्यासाची खोली एकच, तिथे नुकसान कोणाचे होते, हे आम्ही वर्गात पाहतो. दहावीची मुलगी सकाळी जांभया देत येते. विचारले तर सांगते, टीव्ही साडेदहाला बंद झाला, त्यानंतर वही उघडली. तिने तक्रार केलेली नसते. दादीची मालिका, अब्बांच्या बातम्या, भावाचा सामना, यांत तिचा नंबर शेवटी लागतो.

अशा घरात रेकॉर्डर खरोखर उपयोगाचा आहे. मालिका दोन तास पुढे ढकलता येते, दहावीची परीक्षा ढकलता येत नाही. मगरिबपासून नऊपर्यंत पडदा बंद ठेवा. दादीची मालिका रेकॉर्ड होईल, जेवणानंतर जाहिराती पुढे सरकवून ती कमी वेळात संपेल. रमजानमध्ये तर हा फायदा आणखी जाणवतो.

अभ्यासासाठीही हाच उपयोग. जुलै २०२० मध्ये, शाळा बंद असताना, सह्याद्रीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. ज्या घरांत मोबाइलला नेट नव्हते, त्यांना तिचा मोठा आधार झाला. पण प्रत्येक इयत्तेची वेळ ठरलेली होती. ती वेळ ज्याची चुकली, त्याचा पाठही चुकला. बॉक्सला रेकॉर्डिंगची सोय असती, तर तोच पाठ दुपारी शांतपणे, थांबवून थांबवून लिहून घेता आला असता.

याची दुसरी बाजूही आहे. साठवता येते म्हणून लोक साठवत जातात, आणि जे पूर्वी चुकून जायचे तेही आता पाहतात. म्हणून नियम घालून घ्या. आठवड्यात जे पाहिले नाही ते पुसायचे, आणि काय रेकॉर्ड करायचे ते आठवड्यातून एकदा सर्वांनी बसून ठरवायचे. त्या यादीत सर्वांत धाकट्यालाही एक कार्यक्रम निवडू द्या.

थोडक्यात असे. घरात दोन-तीनच माणसे, पाहणे बातम्यांपुरते, तर फ्री डिश पुरे. वायफाय चांगले आहे आणि घरची मंडळी रिमोटवर पाने उलटू शकतात, तर इंटरनेटवाला बॉक्स घ्या, वेगळ्या रेकॉर्डरची गरज फारशी नाही. एकत्र कुटुंब, एकच टीव्ही, वडीलधारे आणि परीक्षेची मुले एकाच खोलीत, तर रेकॉर्डिंगची सोय असलेला बॉक्स घ्या आणि त्यासाठी पंचवीस चॅनेल कमी करावे लागले तरी करा. दुकानात जाताना खिशात एक कागद असू द्या. एका बाजूला घराला हवे असलेले चॅनेल, दुसऱ्या बाजूला टीव्ही बंद राहायचे तास. ती दुसरी बाजू घरात आधी वाचून दाखवा.