व्हॅलेहोचा पोलीस आणि शेजाऱ्याचं बिल

दिवाळीच्या आगेमागे माझ्या भाचीकडे एक पाकीट येतं. कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेहो गावात, सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या फेरीच्या धक्क्यापासून थोड्याच अंतरावर तिचं घर आहे. पाकिटात प्रॉपर्टी टॅक्सचं बिल असतं. पहिला हप्ता १ नोव्हेंबरला लागू होतो आणि १० डिसेंबर उलटला की दंड. त्या तारखेभोवती फ्रिजशेजारच्या कालनिर्णयावर लाल गोल काढलेला असतो.

मी गेले होते तेव्हा तिने आपलं बिल शेजारच्या आजोबांच्या बिलाशेजारी ठेवून दाखवलं. दोन्ही घरं एकाच मापाची, कुंपण सामाईक. आजोबा गोदीत वेल्डर होते आणि त्यांनी घर घेतलं सत्तरच्या दशकात. हिने घेतलं २०१२ मध्ये, भाव पडलेले असताना. तरी आजोबांचा कर हिच्या कराच्या पासंगालाही पुरत नाही.

ही करामत १९७८ च्या ‘प्रॉपोझिशन १३’ची. मतदारांनीच कौल देऊन ठरवलं, की घरावरचा मूळ कर किमतीच्या एक टक्क्यापुढे जाणार नाही आणि घर विकलं जाईपर्यंत करपात्र किंमत वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढणार नाही. त्या एक टक्क्यातही शाळा आणि काउंटी वाटेकरी. शहराच्या हाती उरतो एक तुकडा. तो तुकडा, विक्रीकरातला वाटा आणि असेच आणखी काही कर मिळून पोलिसाचा पगार निघतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पोलीस गावाच्या पदरचा असतो. त्यामुळे त्याला किती द्यायचं, हा वाद नगरसभेत, घराघरांतल्या बिलाच्या कागदासकट येतो.

व्हॅलेहोत हा वाद टोकाला गेला. सव्वा लाखाच्या आतबाहेरच्या वस्तीचं हे गाव मेअर आयलंडच्या नौदल गोदीवर उभं राहिलं. १८५४ मध्ये सुरू झालेली ती गोदी १९९६ मध्ये बंद पडली. गिरण्या गेल्यावर गिरणगावाचं काय झालं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको. गोदी गेली तरी करार राहिले. १९६९ मध्ये इथल्या पोलिसांनी आणि अग्निशमनवाल्यांनी संप केला होता. त्यानंतर शहराच्या सनदेतच तरतूद आली: युनियनशी पगाराचा तिढा सुटला नाही तर लवाद बसेल आणि त्याचा निवाडा शहरावर बंधनकारक राहील. थोडक्यात, तिजोरीची किल्ली निवडून न आलेल्या माणसाच्या हाती.

वर पेन्शन. पोलिसांत तिला म्हणत ‘पन्नाशीला तीन टक्के’. नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे शेवटच्या पगाराचे तीन टक्के आणि वयाच्या पन्नाशीपासून घेता येणारे. तीस वर्षं भरली की नव्वद टक्के पगार घरबसल्या. कॅलिफोर्नियात १९९९ मध्ये कायद्याने ही वाट उघडली तेव्हा शेअर बाजार तेजीत होता आणि हा खर्च गुंतवणुकीच्या परताव्यातून निघेल असं सांगितलं जात होतं. यात कुणी खिसा कापला नाही. सगळं सह्या-शिक्क्यांनिशी झालं, आणि मला विचाराल तर तेच जास्त गंभीर. चोर असता तर पकडता आला असता.

घरांचा बाजार कोसळला तोवर शहराच्या मुख्य निधीतला सुमारे तीन चतुर्थांश पैसा पोलीस आणि अग्निशमन यांवरच जात होता. मे २००८ मध्ये नगरसभेने सात विरुद्ध शून्य मतांनी दिवाळखोरीचा ठराव केला. त्याआधी कॅलिफोर्नियातल्या एवढ्या मोठ्या शहरावर ही वेळ आली नव्हती. काही अग्निशमन केंद्रं बंद झाली. दीडशेच्या घरातले पोलीस शंभराच्या खाली आले. निवृत्तांच्या आरोग्यविम्याला कात्री लागली. पेन्शनला मात्र हात लागला नाही, कारण राज्याच्या पेन्शन फंडाशी कोर्टात झुंजण्याइतकी ताकद शहरात उरली नव्हती.

दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकलं की पंचाईत होते. पोलीस म्हणतात, पगार कमी द्याल तर आम्ही शेजारच्या गावात जाऊ. मागे राहतील त्यांना ओव्हरटाइम करावा लागेल आणि तोच ओव्हरटाइम तुम्ही उद्या बिलात मोजाल. लोक म्हणतात, आमच्या घराचा भाव पडला, पगार थांबला, यांचाच का चढता? खरं तर दोघंही बरोबर आहेत. २०१० मध्ये मतदारांनी ती लवादाची तरतूद काढून टाकली. २०११ मध्ये थोड्या मतांच्या फरकाने एक टक्का जादा विक्रीकर मंजूर केला आणि त्याच वर्षी शहर दिवाळखोरीतून बाहेर पडलं.

आपल्याकडे हा वाद या रूपात होऊच शकत नाही. मुंबईच्या मालमत्ता करात पोलीस नाही, त्याचा पगार राज्याच्या तिजोरीतून. पूर्वी मात्र होता. मुंबईच्या पोलीसखर्चाचा भार पालिकेने उचलावा यावरून एकोणिसाव्या शतकात बरीच खडाजंगी झाली. अखेर १९०७ मध्ये सरकारने पोलीसखर्च आपल्याकडे घेतला आणि पालिकेच्या गळ्यात प्राथमिक शिक्षण व दवाखाने घातले. युनियनचं म्हणाल तर ऑगस्ट १९८२ मध्ये, बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री असताना, मुंबईच्या पोलिसांनी बंड केलं. लष्कर रस्त्यावर आलं, संघटना मोडीत निघाली आणि शिपायाच्या तक्रारी बहुतेक त्याच्या बायकोच्या तोंडून ऐकू येऊ लागल्या. तिला मोर्चा काढायला बंदी नव्हती.

व्हॅलेहोने त्या जादा विक्रीकराचा काही भाग, ३२ लाख डॉलर, नागरिकांनी ठरवावा म्हणून बाजूला काढला. मतदान २०१३ मध्ये झालं. सोळा वर्षांवरच्या कोणाही रहिवाशाला मत होतं, नागरिकत्व असो-नसो. भाची तेव्हा वर्क व्हिसावर. कर भरायची, पण कोणत्याच निवडणुकीत बोट काळं करायची सोय नव्हती. त्या शनिवारी ती रांगेत उभी राहिली. पुढे ते वेल्डर आजोबा.

‘‘मामी, मी खड्डे बुजवायला मत दिलं,’’ ती म्हणाली.

आणि आजोबांनी?

‘‘रस्त्यावरच्या दिव्यांना. म्हणाले, पोलीस येईपर्यंत निदान दिसेल तरी.’’