टकीलाचा घोट: जिभेची आवड आणि शरीराचा हिशेब

टकीला म्हटले की आपल्याकडे अनेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते: हाताच्या पाठीवर मीठ, लिंबाची फोड आणि एका दमात रिकामा होणारा चिमुकला ग्लास. मेक्सिकोत मात्र चांगली टकीला सावकाश, घोट घोट घेतली जाते. कोणती बाटली सरस यावर तिथल्या जाणकारांचे क्वचितच एकमत होते. एकाला जी मधासारखी लागते, तीच दुसऱ्याला निव्वळ जळजळ वाटते. हा नुसता नखरा नाही. त्यामागे रसायनशास्त्र आहे आणि शरीरशास्त्रही. मात्र या आवडीच्या आडून ‘टकीला तब्येतीला चांगली’ असा समजही पसरतो आहे. तो तपासून पाहणे गरजेचे आहे.

घायपाताची नातलग

दख्खनच्या पठारावर शेताच्या बांधावर दिसणारे काटेरी घायपात आपल्या ओळखीचे आहे. त्याच कुळातल्या निळसर पानांच्या अगेव्हपासून टकीला बनते. १९७४ पासून हे नाव भौगोलिक ओळख म्हणून संरक्षित आहे. मेक्सिकोतील हालिस्को राज्य आणि इतर चार राज्यांतील ठरावीक भागांत बनलेल्या मद्यालाच ते लावता येते.

हे झाड पक्व व्हायला साधारण सहा-सात वर्षे लागतात. पाने छाटल्यावर उरणारा गड्डा अननसासारखा दिसतो, म्हणून त्याला स्पॅनिशमध्ये ‘पिन्या’ म्हणजे अननसच म्हणतात. त्यात फ्रुक्टान नावाची, साखरेच्या लांब साखळ्यांची कर्बोदके असतात. ती तशीच नीट आंबत नाहीत. गड्डे शिजवले की साखळ्या तुटतात आणि साखर मोकळी होते. मग रस काढून आंबवतात आणि सहसा दोनदा ऊर्ध्वपातन करतात. विटांच्या भट्टीत सावकाश शिजवलेल्या गड्ड्यांना भाजलेल्या रताळ्यासारखा गोडसर वास येतो. त्याची छटा मद्यातही उतरते.

लेबल काय सांगते?

बाटलीवर ‘१०० टक्के अगेव्ह’ असे लिहिलेले नसेल, तर त्यातील आंबवलेल्या साखरेपैकी ४९ टक्क्यांपर्यंत साखर उसासारख्या दुसऱ्या स्रोतातून आलेली असू शकते. ‘ब्लान्को’ लाकडात जवळजवळ मुरत नाही, त्यामुळे तिच्यात वनस्पतीचा हिरवा, मिरमिरीत स्वाद स्पष्ट कळतो. ‘रेपोसादो’ किमान दोन महिने, ‘अन्येहो’ किमान एक वर्ष आणि २००६ मध्ये मान्य झालेली ‘एक्स्ट्रा अन्येहो’ किमान तीन वर्षे लाकडात मुरते. ओकच्या लाकडातून व्हॅनिलासारखा गंध आणि सोनेरी रंग येतो.

मात्र रंग गडद म्हणजे माल जुना, असे समजू नये. कॅरॅमलचा रंग, ओकचा अर्क, ग्लिसरीन किंवा साखरेचा पाक अल्प प्रमाणात घालायला नियमांत मुभा आहे. किंमत आणि बाटलीचा थाट यांवरूनही चव कळत नाही. जुनी महागडी टकीला सोडून ताजी ब्लान्कोच पसंत करणारे रसिक पुष्कळ आहेत.

नाक, जीभ आणि मिरची

टकीलात १७५ हून अधिक घटक असल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते. त्यातले सर्वांत प्रभावी गंधघटक निवडून एकत्र केले, तरी हुबेहूब टकीलाचा वास तयार झाला नाही. आपण जिला चव म्हणतो, तिचा मोठा भाग खरे तर वास असतो. घोट गिळताना गंधाचे कण घशामागून नाकात पोहोचतात. एका दमात ग्लास रिकामा केला की नेमका हाच भाग हुकतो.

जळजळीचे कारणही रंजक आहे. मिरचीचा तिखटपणा ज्या संवेदकामुळे जाणवतो, त्याच संवेदकाला अल्कोहोलही चेतवते. तो एरवी सुमारे ४२ अंश सेल्सिअसला जागा होतो. अल्कोहोलमुळे ही मर्यादा शरीराच्या तापमानाच्याही खाली येते. म्हणून थंड पेयही आग लावते. कडू चव ओळखणारी जनुकेही सर्वांची सारखी नसतात. काहींना अल्कोहोल इतरांपेक्षा जास्त कडू लागते. म्हणजे ‘मला ही आवडत नाही’ म्हणणाऱ्याची जीभ अडाणी नसते, वेगळी असते.

मिठाचे कोडेही इथेच सुटते. मीठ कडवटपणा दाबते आणि लिंबाचा आंबटपणा लक्ष दुसरीकडे वळवतो. साध्या, खरखरीत टकीलाला त्याची मदत होते. चांगल्या टकीलात तिचे बारकावे त्यामुळे झाकले जातात. जाणकार म्हणूनच अरुंद तोंडाचा ग्लास घेतात, बर्फ टाळतात, आधी हलकेच वास घेतात आणि मग अगदी लहान घोट तोंडात फिरवतात. मधूनमधून साधे पाणी पितात.

आवड वेगळी, आरोग्य वेगळे

टकीलाने रक्तातील साखर कमी होते आणि वजन उतरते, असे संदेश अधूनमधून फिरत असतात. त्यांचे मूळ अगेव्हमधल्या फ्रुक्टानवर उंदरांमध्ये झालेल्या प्रयोगांत आहे. पण शिजवताना, आंबवताना हे फ्रुक्टान मोडून त्याचे अल्कोहोल होते आणि उरलेसुरले ऊर्ध्वपातनात मागे राहते. प्रयोगातला तो घटक बाटलीत नसतोच.

मधुमेहींसाठी हा गैरसमज धोक्याचा आहे. अल्कोहोल यकृताला नवी साखर तयार करण्यापासून रोखते. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या चालू असताना, विशेषतः रिकाम्या पोटी मद्य घेतले, तर रक्तातील साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे ही तिची लक्षणे नशेसारखीच दिसतात. ‘जास्त झाली असेल’ म्हणून सोबतचे लोक दुर्लक्ष करतात आणि उपचाराची वेळ निघून जाते. औषधे चालू असलेल्यांनी याबाबत डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे.

‘शुद्ध अगेव्ह असली की दुसऱ्या दिवशी त्रास होत नाही’ हेही खरे नाही. हँगओव्हर मुख्यतः किती अल्कोहोल पोटात गेले यावर ठरतो. ४० टक्के तीव्रतेच्या ३० मिलिलिटर टकीलात सुमारे साडेनऊ ग्रॅम अल्कोहोल असते आणि त्यातून ६५ च्या आसपास कॅलरी मिळतात. तितक्याच तीव्रतेच्या व्हिस्की किंवा रममध्येही अल्कोहोल तेवढेच असते. मद्य कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले आहे. कोणतेही प्रमाण पूर्णपणे निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

जे पीत नाहीत, त्यांनी तब्येतीसाठी म्हणून टकीला सुरू करण्याचे काहीच कारण नाही. गर्भवती स्त्रिया, यकृताचे रुग्ण आणि गाडी चालवणाऱ्यांनी तर ती टाळलीच पाहिजे. जे पितात, त्यांनी लेबल नीट वाचावे, आपल्या जिभेला रुचेल ती निवडावी, जेवणासोबत थोडी आणि सावकाश घ्यावी. वास घेत प्यायलेला एक लहान पेग तासभर पुरतो आणि दुसरा मागवण्याची घाई होत नाही.