मोटारीतील विजेची तार : परीक्षा व निवड

घरात उरलेली विजेची तार मोटारीत वापरली तर काय बिघडले, असे अनेक जण विचारतात. तिच्या वेष्टनावर '१,१०० व्होल्ट' असे छापलेले असते, आणि मोटारीची बॅटरी तर अवघी १२ व्होल्टांची! हा तर्क वरकरणी बिनतोड वाटला तरी फसवा आहे. तो आकडा केवळ निरोधक वेष्टनाची विद्युत्‌दाब सोसण्याची मर्यादा सांगतो. (इन्सुलेशनला आम्ही येथे निरोधक वेष्टन म्हटले आहे.) तार किती तापेल हे दाबावर नव्हे, तर तीमधून वाहणाऱ्या प्रवाहावर अवलंबून असते.

साठ वॅटचा एक दिवा घ्या. २३० व्होल्टांवर तो सुमारे पाव अँपिअर प्रवाह घेतो. १२ व्होल्टांवर तेवढ्याच शक्तीसाठी ५ अँपिअर लागतात. पुढील दोन दिव्यांचे मिळून १० अँपिअर झाले. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. अशी ५ मीटर तार या दोन दिव्यांना जोडल्यास वाटेतच ०.८५ व्होल्ट खर्ची पडतात. घरात ही तूट कोणाच्या ध्यानातही येणार नाही. मोटारीत मात्र ती सात टक्के भरते. आणि तापतंतूच्या दिव्याचा उजेड दाबाच्या मानाने फार झपाट्याने घटत असल्यामुळे त्याचा पाचवा हिस्सा तरी नाहीसा होतो. रात्री समोरचा पादचारी दिसणे न दिसणे एवढ्यावर ठरू शकते. छेद दुप्पट केला की तूट निम्मी होते.

तार ओळखावयाची ती टोक कापून, बाहेरून नव्हे. आत एकच जाड तांब्याची कांब असेल, तर ती भिंतीतील नळीत स्वस्थ पडून राहण्यासाठी आहे. मोटारीच्या अखंड कंपनाने ती कालांतराने मोडते. मोटारीसाठी अनेक बारीक तंतूंची तार लागते. तिच्यावर किंवा तिच्या वेष्टणावळीवर १४/०.३० असे लिहिलेले आढळते, म्हणजे ०.३० मिलिमीटर व्यासाचे १४ तंतू, मिळून सुमारे १ चौरस मिलिमीटर. २८/०.३० म्हणजे त्याच्या दुप्पट. आजकाल घरगुती तारांतही पुष्कळदा अनेक तंतू असतात, त्यामुळे केवळ तंतू पाहून निर्णय करता येत नाही. साध्या घरगुती पीव्हीसी वेष्टनाची मर्यादा बहुधा ७० अंश सेल्सिअस असते. इंजिनाजवळ तेवढ्याने भागत नाही. तेथे मोटारीसाठीच बनविलेली, १०० किंवा १२५ अंशांपर्यंत टिकणारी आणि तेलाने न बिघडणारी तार हवी.

जाडी डोळ्यांना कशी फसविते याचा उत्तम नमुना म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या स्पार्क प्लगची तार. ती अंगठ्याएवढी नसली तरी चांगली ठळक दिसते. पण तिच्यातील बहुतेक जाडी वेष्टनाची असते, कारण तेथे दाब हजारो व्होल्टांचा व प्रवाह अगदी अल्प. पुष्कळ वाहनांत तर तिच्या गाभ्यात मुद्दाम रोध ठेवलेला असतो. ती दिव्यासाठी निरुपयोगी. उलट स्टार्टरला शेकडो अँपिअर लागत असल्याने त्याच्या तारेत जाडी असते ती धातूची.

बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही मिळते. एक तंतू चाकूने खरवडून पाहावा. आतून पांढरा निघाला तर तो तांब्याचा नव्हे. कथिलाचा मुलामा असलेला तांब्याचा तंतू मात्र वरून पांढरा व आतून लाल दिसतो. त्यास नाकारू नये.

मोटारीचा सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकास जोडलेला असतो. म्हणून पत्र्याच्या कडेवर घासून वेष्टन फाटले, की तार थेट सांगाड्यास टेकते व प्रवाह बेसुमार वाढतो. यास्तव पत्र्यातील छिद्रात रबरी कडे बसवावे आणि फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ घेता येईल तितका घ्यावा. फ्यूजच्या अलीकडची तार उघड्यावरच असते. जादा दिवे लावल्यावर फ्यूज वारंवार उडू लागला म्हणून १५ अँपिअरच्या जागी ३० चा घालण्याची रीत सर्रास आढळते. अशा वेळी फ्यूज शाबूत राहतो आणि वितळते ती तार, बहुधा चालकाच्या पायांशी असलेल्या गठ्ठ्यात.