गुणवंत खेळाडू आणि अर्धी बातमी

खेळामुळे चारित्र्य घडते, हे वाक्य आपण शाळेतल्या पारितोषिक-समारंभापासून ऐकत आलो आहोत. त्यात तथ्य आहे. परंतु तेवढ्याने विषय संपत नाही. खेळामुळे कीर्तीही मिळते, आणि ती पुष्कळदा चारित्र्य पुरते घडण्यापूर्वीच दारात येऊन उभी राहते. अठरा-वीस वर्षांच्या मुलाचे कौशल्य लाखो लोकांच्या करमणुकीचा विषय होते, त्यावर मोठा पैसा उभा राहतो, आणि मग मैदानाबाहेरचे त्याचे आयुष्यही त्याच तिकिटात पाहावयास मिळावे, असे लोकांना वाटू लागते. अशा वेळी त्या मुलाविषयी आपण जे ऐकतो, वाचतो व बोलतो, त्यात न्याय किती असतो?

या प्रश्नाचा विचार आम्ही अमेरिकेतील ॲलन आयव्हर्सन या बास्केटबॉलपटूच्या उदाहरणावरून करणार आहोत. हेच उदाहरण घेण्याचे कारण असे की, त्याची खेळातील कारकीर्द संपली आहे. त्याच्यावरील आरोप, न्यायालयांचे निकाल आणि मैदानावरील पराक्रम हे सारे आता शांतपणे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.

प्रथम गुणाचा विचार करू. डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉल सुरू केला, तेव्हा कडे जमिनीपासून दहा फूट उंचीवर लावले. ते आजही तेथेच आहे. साहजिकच हा उंच माणसांचा खेळ झाला. आयव्हर्सनची उंची अवघी सहा फूट. तरीही २००१ साली तो एनबीए या व्यावसायिक संघटनेतील हंगामाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. हा मान मिळवणारा त्याच्याइतका बुटका खेळाडू त्यापूर्वी झालेला नव्हता. चेंडूला एका हाताने टप्पा देत एका बाजूस झेपावल्याचा भास निर्माण करायचा, प्रतिस्पर्ध्याचा तोल त्या बाजूस गेला की चेंडू निमिषार्धात दुसऱ्या हातात घ्यायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेतून उडी घ्यायची, हे त्याचे हुकमी अस्त्र. १२ मार्च १९९७ रोजी, व्यावसायिक खेळातील पहिल्याच वर्षी, त्याने साक्षात मायकेल जॉर्डनला याच युक्तीने चकवले. त्याच हंगामात सलग पाच सामन्यांत चाळीस किंवा अधिक गुण मिळवण्याचा पराक्रमही त्याने केला.

आता मैदानाबाहेर येऊ. आयव्हर्सनचा जन्म १९७५ सालचा. गाव व्हर्जिनिया राज्यातील हॅम्प्टन. बालपण दारिद्र्यात गेले. बेथेल हायस्कूलला त्याने एकाच शैक्षणिक वर्षात अमेरिकन फुटबॉल व बास्केटबॉल या दोन्ही खेळांत राज्याचे विजेतेपद मिळवून दिले. याच सुमारास, फेब्रुवारी १९९३ मध्ये, गावातील बोलिंगच्या क्रीडागृहात गोऱ्या व काळ्या तरुणांमध्ये मारामारी झाली. खुर्च्या फेकल्या गेल्या, माणसे जखमी झाली. एका स्त्रीला खुर्चीने मारल्याचा आरोप आयव्हर्सनवर आला. त्याने तो नाकारला. तो सतरा वर्षांचा होता, तथापि खटला प्रौढ आरोपीप्रमाणे चालला. जे कलम लावले ते मुळात झुंडीने माणसे मारण्याच्या अमानुष प्रकाराला आळा घालण्यासाठी व्हर्जिनियाने केलेले आणि क्वचितच वापरले जाणारे होते. अमेरिकेत अशा झुंडींना बळी पडत आले ते बव्हंशी कृष्णवर्णीय. त्यांच्या रक्षणासाठी केलेले कलम एका कृष्णवर्णीय मुलावरच लागू झाले, हा विपर्यास अनेकांच्या मनाला लागला. गाव वर्णभेदाच्या रेषेवर दुभंगले.

शिक्षा झाली पंधरा वर्षांची. पैकी दहा वर्षे तहकूब. चार महिने तुरुंगात काढल्यावर राज्याचे गव्हर्नर डग्लस वाइल्डर यांनी डिसेंबर १९९३ मध्ये सशर्त सुटका केली. पुढे १९९५ साली अपील न्यायालयाने पुरावा अपुरा असल्याच्या कारणावरून मूळ शिक्षाच रद्द केली. येथे श्रोत्यांनी क्षणभर थांबावे. शिक्षेची बातमी देशभर गेली होती. शिक्षा रद्द झाल्याची बातमी मात्र तिच्या मागे तेवढी धावली नाही. ‘तुरुंगात जाऊन आलेला’ ही ओळख आयव्हर्सनला कायमची चिकटली. हॅम्प्टनमध्येच वाढलेले दिग्दर्शक स्टीव्ह जेम्स यांनी या खटल्यावर अनुबोधपट काढला तो २०१० साली, म्हणजे घटनेनंतर सतरा वर्षांनी. बातमीचा उत्तरार्ध सांगावयास एवढा काळ लागला!

याचा अर्थ आयव्हर्सन निर्दोष साधुपुरुष होता, असे आम्ही म्हणत नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये तो ज्या मोटारीतून जात होता ती वेगाबद्दल पोलिसांनी अडवली, आणि तीत पिस्तूल व गांजा सापडला. पिस्तुलाच्या आरोपाला त्याने आव्हान दिले नाही. त्याला तीन वर्षे देखरेखीखाली राहावे लागले व शंभर तास समाजसेवा करावी लागली. हा दोष त्याचा होता. तो गरिबीच्या किंवा वर्णाच्या खाती लिहून मोकळे होणे हा त्याच्या कर्तेपणाचाच अपमान होईल. परंतु जुलै २००२ मध्ये त्याच्यावर चौदा आरोप ठेवले गेले, घराबाहेर वार्ताहरांनी तळ ठोकला, आणि त्याच वर्षी ते सर्व आरोप रद्द झाले, हेही तितकेच खरे आहे. एकाच माणसाच्या खात्यावर शाबीत झालेला दोष आणि न टिकलेला आरोप असे दोन्ही असू शकतात. बातमीच्या घाईत त्यांची बेरीज होते, आणि ती बेरीज चुकते.

अर्धेपणाचा दुसरा प्रकार तुकड्याचा. ७ मे २००२ रोजी, बोस्टनकडून हरून त्याचा फिलाडेल्फियाचा संघ स्पर्धेबाहेर पडल्यावर, पत्रकार परिषदेत त्याला सरावाच्या गैरहजेरीविषयी छेडण्यात आले. चिडून त्याने ‘सराव’ हा शब्द वीसहून अधिक वेळा उच्चारला: आपण सामन्याबद्दल नव्हे, सरावाबद्दल बोलत आहोत, असे तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. हा तुकडा जगभर दाखवला गेला व आळशी, उद्धट खेळाडूचा नमुना म्हणून गाजला. त्याच परिषदेत तो आपल्या जिवलग मित्राच्या मृत्यूविषयीही बोलला होता. काही महिन्यांपूर्वीच त्या मित्राचा खून झाला होता. सरावाला न येणे योग्य नव्हेच. पण हसून पाहिला जाणारा तो तुकडा एका शोकाकुल माणसाच्या बोलण्यातून कापलेला होता, हे कळल्यावर हसू थोडे ओशाळते.

तिसरी गोष्ट रूपाची. त्याच्या अंगावरील गोंदण, केसांच्या वेण्या व सैल कपडे यांवर टीकेची झोड उठली. एनबीएच्या अधिकृत मासिकाने तर मुखपृष्ठावरील त्याच्या छायाचित्रातून गोंदण पुसून टाकले. उलट त्याच बंडखोर रूपावर रीबॉक कंपनीने त्याच्या नावाचे बूट विकले. निंदा करणारा आणि विकणारा, दोघांचाही धंदा एकाच चेहऱ्यावर चालला.

मग त्याला तारले कोणी? आईने जॉर्जटाऊन विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांच्याकडे जाऊन मुलाला घेण्याची विनवणी केली, आणि इतर विद्यापीठे मागे हटली असता थॉम्पसन यांनी त्याला घेतले. २०१६ साली बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरात समावेश झाला, तेव्हा आपला जीव वाचवल्याबद्दल त्याने थॉम्पसन यांचे आभार मानले. दोष दिसत असूनही माणूस टाकायचा नाही, असे ठरवणारी एक वडीलधारी व्यक्ती लागते, एवढाच याचा बोध.

हा प्रश्न आयव्हर्सनबरोबर संपला नाही. त्याने नवे रूप घेतले. मेम्फिसचा जा मोरांट हा असाच विजेसारखा खेळाडू. मार्च २०२३ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, एका नाइटक्लबमध्ये हातात पिस्तूल घेतलेला तो लोकांना थेट प्रक्षेपणात दिसला. ते प्रक्षेपण त्याने स्वतःच्याच समाजमाध्यमावर केले होते! आठ सामन्यांची बंदी आली. मे महिन्यात पुन्हा तसेच दृश्य दिसले आणि पंचवीस सामन्यांची बंदी आली. १९ डिसेंबर २०२३ रोजी परतल्यावर त्याने चौतीस गुण मिळवले व शेवटच्या क्षणी चेंडू कड्यात टाकून सामना जिंकला. आयव्हर्सनच्या काळी कॅमेरा दुसऱ्याच्या हातात होता. मोरांटच्या काळी तो खेळाडूच्याच हातात आला. म्हणून आजच्या तरुणाला संयम अधिक लागतो, आणि आजच्या पाहणाऱ्याला विवेकही अधिक लागतो.

कारण आता ही गोष्ट केवळ अमेरिकेची राहिलेली नाही. तालुक्याच्या मैदानावर चमकलेल्या मुलाचे एक रागाचे वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर फिरू शकते. म्हणून अशी बातमी हाती आली की आपण तीन प्रश्न विचारावेत. हा आरोप आहे की निकाल? दाखवलेल्या तुकड्याच्या आधी व नंतर काय होते? आणि पुढे काय झाले, याची चौकशी आपण केली का? पहिल्या दोन प्रश्नांना पुष्कळ लोक उत्तर देतील. तिसऱ्याची जबाबदारी मात्र सहसा कोणी घेत नाही, आणि त्या मुलाचे पुढचे आयुष्य नेमके त्यावरच अवलंबून असते. टाळ्या वाजवताना आपण शेवटच्या शिटीपर्यंत जागेवर बसून असतो. दोष देताना तेवढे तरी बसावे, एवढीच आमची विनंती आहे.